अ‍ॅम्प्लिफायरमधली डिजिटल किरकिर: आधी तिची वाट शोधा, मग कपॅसिटर लावा

मायक्रोकंट्रोलरला छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडला की आवाज तर येतो, पण त्यामागे एक बारीक शिट्टी, टिकटिक किंवा खरखर कायम चिकटलेली असते. डिस्प्ले बदलला की तिचा सूर बदलतो, वायफाय चालू केलं की ती वाढते. बहुतेकजण मग सर्किटवर जिथे जागा दिसेल तिथे कपॅसिटर लावत सुटतात. कधी फरक पडतो, बहुधा पडत नाही, कारण किरकिर स्पीकरपर्यंत पोचायच्या वाटा चार आहेत आणि एका वाटेवरचा इलाज दुसऱ्या वाटेवर काहीच करत नाही. त्या वाटा म्हणजे सप्लाय, ग्राउंड, खुद्द सिग्नल आणि शेजारच्या वायरींमधून हवेतून होणारी गळती. घरगुती प्रयोगांत सर्वांत जास्त त्रास ग्राउंडचा असतो आणि तिकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

पुढचं सगळं समजायला एक ठोस सर्किट डोळ्यांसमोर ठेवू: आर्डुइनो उनो, त्याच्या ९ नंबरच्या पिनवरून पीडब्ल्यूएम (पिन झपाट्याने चालू-बंद करून सरासरीने हवं ते व्होल्टेज बनवायची पद्धत), मग रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर, मग ९ व्होल्टवरची अ‍ॅम्प्लिफायर चिप एलएम३८६ आणि ८ ओहमचा स्पीकर. ईएसपी३२ (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर) आणि आय-टू-एस (डिजिटल रूपातच आवाज पाठवायची पद्धत) मॉड्यूल वापरणाऱ्यांसाठी जिथे वेगळं काही करायचं आहे ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

निदान: चार चाचण्या, याच क्रमाने

एकही सुटा भाग विकत घेण्याआधी या चाचण्या करा. अर्धा तास लागतो. प्रत्येक चाचणीत सर्किट नेहमीसारखं पूर्ण चालू असू द्या, म्हणजे डिस्प्ले, एलईडी, वायफाय जे असेल ते सगळं.

१. एलएम३८६ ची पिन ३, म्हणजे सिग्नल जिथे आत जातो ती, अगदी चिपजवळ तिच्याच ग्राउंडला, पिन ४ ला, शॉर्ट करा. आता सिग्नल आत जाऊच शकत नाही. तरीही किरकिर आली तर ती सप्लायमधून, स्पीकरच्या परतीच्या वायरमधून किंवा हवेतून येते आहे. खात्रीसाठी अ‍ॅम्प्लिफायरला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी लावा आणि मायक्रोकंट्रोलरशी असलेली त्याची ग्राउंड वायरसुद्धा काढा. शांतता झाली तर दोष सामायिक सप्लाय-ग्राउंडचा. तरीही आवाज राहिला तर तो हवेतून येतो आहे.

२. शॉर्ट काढा. फिल्टरचं पीडब्ल्यूएमकडचं टोक पिनवरून सोडवून मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंड पिनला जोडा. पहिल्या चाचणीत नसलेली किरकिर इथे उगवली तर दोन ग्राउंडमधल्या व्होल्टेजच्या फरकालाच अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल समजतो आहे.

३. टोक परत पीडब्ल्यूएम पिनला लावा, पण कोडमध्ये फक्त मधली किंमत, १२८, लिहून ठेवा. इथे नव्याने आलेला आवाज मायक्रोकंट्रोलरच्या सप्लायमधून थेट सिग्नलमध्ये मिसळतो आहे किंवा फिल्टर कमी पडतो आहे.

४. आता खरा आवाज वाजवा. फक्त आवाजाबरोबर येणारी आणि त्याच्याबरोबर थांबणारी खरखर ही बिट कमी पडल्याची किंवा नमुने (ठरावीक अंतराने मोजलेले आवाजाचे आकडे) चुकीच्या वेळी पोचल्याची आहे. कितीही कपॅसिटर लावले तरी ती जाणार नाही. तिचा इलाज कोडमध्ये आहे.

जोडीला कान आणि फोनवरचं एखादं स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप वापरा. नेमक्या १ किलोहर्ट्झची शिट्टी असेल तर यूएसबीवर संशय घ्या, कारण फुल-स्पीड यूएसबीची डेटाची चौकट (फ्रेम) दर १ मिलीसेकंदाला येते. हाय-स्पीडमध्ये तीच ८ किलोहर्ट्झला दिसते. सेकंदाला सुमारे दहा टिकटिक म्हणजे वायफाय: राउटरचा बीकन (आपण आहोत हे कळवणारा संदेश) सहसा १०२.४ मिलीसेकंदांनी येतो आणि ईएसपी३२ तो ऐकायला जागा होतो. ५० किंवा १०० हर्ट्झची घूं, आणि जिथे वीज ६० हर्ट्झची तिथे ६० किंवा १२०, ही डिजिटल नाहीच. ती अ‍ॅडॉप्टरची किंवा ग्राउंडच्या वेटोळ्याची (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याने झालेल्या बंद फेरीची) आहे.

ग्राउंड: इथे वेळ घालवा

ग्राउंडची वायर म्हणजे शून्य व्होल्ट, हे फक्त कागदावर खरं असतं. ब्रेडबोर्डची पट्टी, दोन संपर्क आणि एक जंपर मिळून ५० मिलीओहम रोध सहज होतो. मायक्रोकंट्रोलर आणि त्याचे एलईडी त्या वायरमधून १०० मिलीअँपिअरचे झटके ओढत असतील तर तिच्या दोन टोकांत ५ मिलीव्होल्टचा फरक पडतो. एलएम३८६ चा गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा, काही न जोडता २० असतो, म्हणजे स्पीकरवर १०० मिलीव्होल्ट. शांत खोलीत हा आवाज व्यवस्थित ऐकू येतो. पिन १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरड लावून गेन २०० केला असेल तर तोच आवाज १ व्होल्टचा होतो.

उपाय असा. सप्लायच्या मुख्य कपॅसिटरचं निगेटिव्ह टोक हा एकच मध्यबिंदू माना. तिथून मायक्रोकंट्रोलरला एक वायर, अ‍ॅम्प्लिफायरला दुसरी, डिस्प्ले-एलईडी पट्टीला तिसरी. एकातून दुसरीकडे साखळी जोडू नका. स्पीकरचा परतीचा प्रवाह सर्वांत मोठा असतो, ८ ओहमवर त्याचे शिखर ४०० मिलीअँपिअरपर्यंत जातं. म्हणून स्पीकरची निगेटिव्ह वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या सप्लाय-कपॅसिटरच्या निगेटिव्ह टोकाशी न्या, सिग्नलच्या ग्राउंडशी कधीही नको. सिग्नलचं ग्राउंड, म्हणजे पॉटचं (आवाज कमी-जास्त करायच्या फिरत्या रेझिस्टरचं) खालचं टोक आणि एलएम३८६ ची पिन २, आधी एकमेकांना जोडा आणि मग एकाच छोट्या वायरने पिन ४ ला न्या.

पीएएम८४०३ किंवा मॅक्स९८३५७ए ही अ‍ॅम्प्लिफायर चिप वापरत असाल तर स्पीकरची कोणतीच वायर ग्राउंडला जोडायची नाही. या चिपांत स्पीकरची दोन्ही टोकं चालवली जातात. एक टोक ग्राउंडला लावलं तर चिप तापते आणि जळूही शकते.

छापील बोर्ड बनवत असाल तर एक बाजू पूर्ण ग्राउंडची ठेवा आणि ती मधून कापू नका. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड वेगळे कापून एका ठिकाणी जोडायचा सल्ला सर्रास दिला जातो. पण छोट्या बोर्डावर एखादा ट्रॅक त्या कापावरून जातो, त्याचा परतीचा प्रवाह लांबून वळसा घेतो आणि किरकिर वाढते. त्यापेक्षा सुटे भाग नीट वाटा: एका टोकाला मायक्रोकंट्रोलर, दुसऱ्या टोकाला अ‍ॅम्प्लिफायर, मध्ये फिल्टर.

लॅपटॉप चार्जरवर असताना घूं येते आणि चार्जर काढला की जाते, तर ते दोन उपकरणांमधलं ग्राउंडचं वेटोळं आहे. सिग्नलच्या वाटेवर १:१ चा ६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावा किंवा यूएसबी आयसोलेटर वापरा. चार्जरची अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका, ती जिवाच्या सुरक्षेसाठी आहे.

सिग्नल मोठा पाठवा, अ‍ॅम्प्लिफायरपाशी लहान करा

या एका बदलाने अनेक सर्किटं शांत होतात. उनोचा पूर्ण सिग्नल ५ व्होल्टचा आहे. ९ व्होल्टवरच्या एलएम३८६ ला, गेन २० असताना, ०.३ व्होल्टच पुरतो, त्यापुढे आवाज फाटतो. म्हणजे सिग्नल सुमारे १६ पट लहान करावाच लागतो. प्रश्न आहे कुठे.

सिग्नल लहान करणारी रेझिस्टरांची जोडी, म्हणजे विभाजक, मायक्रोकंट्रोलरजवळ ठेवला तर लहानसा सिग्नल गोंगाटातून प्रवास करतो आणि वाटेत मिळालेले ५ मिलीव्होल्ट वीसपट होऊन स्पीकरवर १०० मिलीव्होल्ट होतात. तोच विभाजक अ‍ॅम्प्लिफायरच्या पिनपाशी ठेवला, तर सिग्नलसोबत ते ५ मिलीव्होल्टही सोळापट घटतात आणि स्पीकरवर जेमतेम ६ मिलीव्होल्ट उरतात. भाग तेच, जागा वेगळी, आणि फरक २४ डेसिबलचा.

फिल्टरनंतर १०० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, पुढे १५० किलोओहमचा रेझिस्टर, पुढे १० किलोओहमचा पॉट. पॉटचं खालचं टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडला, मधलं टोक पिन ३ ला. पिन ३ आणि ग्राउंडमध्ये ४७० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, रेडिओ लहरी आणि फोनची गुरगुर त्याने थोपते. १५० किलोओहमचा रेझिस्टर पॉटला अगदी चिकटून सोल्डर करा. या रेझिस्टरनंतरचा भाग नाजूक आहे, तिथली वायर २ सेंटिमीटरपेक्षा लांब नको.

आवाज कमी वाटला म्हणून गेन २०० वर नेण्याचा मोह टाळा. सिग्नल पुरेसा मोठा असताना त्याची गरज नसते, आणि वाढतो तो सगळा गोंगाट. उलट गेन २० पेक्षा फार खालीही आणू नका. ९ च्या खाली एलएम३८६ स्थिर राहत नाही, स्वतःच आंदोलन करू लागतो.

सप्लाय

मायक्रोकंट्रोलरच्या प्रत्येक सप्लाय-ग्राउंड पिनजोडीवर १०४ लिहिलेला, म्हणजे १०० नॅनोफॅरडचा, सिरॅमिक कपॅसिटर हवा. त्याचे पाय शक्य तितके आखूड ठेवा. चार सेंटिमीटर लांब जंपरच्या टोकाला लावलेल्या कपॅसिटरचा वेगवान झटक्यांना फारसा उपयोग होत नाही, कारण तो जंपरच इंडक्टर बनतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या पिन ६ आणि ४ मध्ये ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि त्याला समांतर १०० नॅनोफॅरड.

एलएम३८६ ची पिन ७ बहुतेकजण मोकळी सोडतात. तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड लावा, पॉझिटिव्ह टोक पिन ७ कडे. तो असताना डेटाशीट १ किलोहर्ट्झला सप्लायमधला गोंगाट ५० डेसिबलने दाबल्याचं सांगते. यूएसबीच्या शिट्टीवर इतका स्वस्त इलाज दुसरा नाही.

अ‍ॅम्प्लिफायर आणि मायक्रोकंट्रोलर एकाच सप्लायवर असतील तर अ‍ॅम्प्लिफायरच्या वाटेवर २.२ ओहम, अर्धा वॉटचा रेझिस्टर आणि त्यानंतर १००० मायक्रोफॅरड लावा. हा फिल्टर ७२ हर्ट्झपासून काम सुरू करतो, म्हणून १ किलोहर्ट्झचा गोंगाट कागदावर चौदापट घटतो. किंमत म्हणून २०० मिलीअँपिअरला ०.४४ व्होल्ट जातात. इथे १० ओहम लावू नका, मोठ्या आवाजात सप्लाय कोसळतो आणि गाणं धापा टाकू लागतं. १० ओहम आणि ४७० मायक्रोफॅरडची जोडी कमी प्रवाह लागणाऱ्या डॅक (डिजिटल आकड्यांचं व्होल्टेज बनवणारा भाग) किंवा प्रीअ‍ॅम्पसाठी राखून ठेवा.

फेराइट बीड (वायरच्या वाटेवर लावायचा फेराइटचा छोटा मणी) लावून शिट्टी जात नाही अशी तक्रार नेहमी दिसते. ती जाणारच नाही. ६०० ओहमचा बीड म्हणजे १०० मेगाहर्ट्झला ६०० ओहम, १ किलोहर्ट्झला तो साध्या वायरसारखाच. बीड रेडिओ लहरींसाठी, रेझिस्टर-कपॅसिटर ऐकू येणाऱ्या आवाजासाठी.

व्होल्टेज वाढवणारी किंवा घटवणारी स्विचिंग मॉड्यूल वापरताना एक खोच लक्षात ठेवा. व्होल्टेज घटवणाऱ्या एलएम२५९६ ची १५० किलोहर्ट्झ ऐकू येत नाही, पण भार अगदी कमी असताना अनेक मॉड्यूल झटके गाळू लागतात आणि त्या गाळण्याची गती थेट कानाच्या टप्प्यात येते. शांततेत शिट्टी आणि मोठ्या आवाजात ती गायब, असं असेल तर मॉड्यूलच्या आउटपुटवर १०० ते २२० ओहमचा भार-रेझिस्टर लावून पाहा. ५ व्होल्टवर १०० ओहमला ५० मिलीअँपिअर आणि पाव वॉट लागतो, म्हणून अर्धा वॉटचा घ्या. शिट्टी गेली तर कारण सापडलं.

पीडब्ल्यूएमचं एक गुपित

तिसऱ्या चाचणीत अडकणाऱ्यांसाठी हा भाग. पीडब्ल्यूएम पिन चालू असते तेव्हा ती आतून मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टला जोडलेली असते. म्हणजे ते ५ व्होल्ट हलले की तुमचा आवाज हलतो. सप्लायवर २० मिलीव्होल्टचा १ किलोहर्ट्झ असेल, तर १२८ ला, म्हणजे अर्ध्या वेळेला, त्यातले १० मिलीव्होल्ट सिग्नलमध्ये उतरतात. फिल्टर त्यांना अडवूच शकत नाही, कारण ते आवाजाच्याच टप्प्यात आहेत. ईएसपी३२ च्या आतल्या ८ बिटच्या डॅकचंही तेच दुखणं आहे.

यावर सुरेख उपाय म्हणजे ७४एचसी१४, सिग्नल उलटा करणारे सहा गेट असलेली लॉजिक चिप. पीडब्ल्यूएम त्याच्या एका गेटमधून काढा आणि त्या चिपला स्वतंत्र ५ व्होल्टच्या लिनिअर रेग्युलेटरवरून सप्लाय द्या. चिपजवळ १०० नॅनोफॅरड आणि १० मायक्रोफॅरड. आता सिग्नलची उंची त्या स्वच्छ ५ व्होल्टने ठरते. उरलेल्या पाच गेटांचे इनपुट ग्राउंडला बांधा, मोकळे सोडले तर तेच गोंगाट करतील. गेट सिग्नल उलटा करतो, पण ऐकताना त्याने काही बिघडत नाही.

वारंवारता आणि फिल्टर

उनोवर तयार फंक्शनचं पीडब्ल्यूएम ९ नंबरच्या पिनवर ४९० हर्ट्झचं असतं. त्यावर ऑडिओ चालवला की भुणभुण येणारच. टायमर १ ला ८ बिटच्या फास्ट मोडमध्ये, घड्याळाचा विभाजक (प्रीस्केलर) १ ठेवून चालवा. १६ मेगाहर्ट्झ भागिले २५६, म्हणजे ६२.५ किलोहर्ट्झ. टायमर ० ला हात लावू नका, मिलीसेकंदांचं घड्याळ त्यावर चालतं. १० बिटच्या हव्यासाने वारंवारता १५.६ किलोहर्ट्झवर येते आणि ती तरुण कानांना टोचते.

नमुन्यांचा वेग पीडब्ल्यूएमच्या वेगाला पूर्ण भाग जाणारा घ्या. दर चौथ्या चक्राला नवा नमुना दिला तर १५,६२५ प्रति सेकंद. १६,००० किंवा २२,०५० सारखा तिरपा आकडा घेतला तर काही नमुने एक चक्र जास्त टिकतात, काही कमी, आणि खडबडीत आवाज येतो.

१५,६२५ साठी फिल्टरच्या दोन पायऱ्या: पहिली १ किलोओहम आणि २२ नॅनोफॅरड, दुसरी १० किलोओहम आणि २.२ नॅनोफॅरड. प्रत्येक पायरी ७.२ किलोहर्ट्झची आहे. दुसरीचा रेझिस्टर दहापट ठेवल्याने ती पहिलीवर ओझं टाकत नाही. ६२.५ किलोहर्ट्झचं पीडब्ल्यूएम दोन पायऱ्यांत सुमारे ७५ पट घटतं. आवाजाचा वरचा टप्पा साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास उतरू लागतो, जे बोलणं आणि सूचनांच्या आवाजांना पुरेसं आहे. कपॅसिटर फिल्मचे किंवा सीओजी प्रकारचे घ्या. एक्स७आर सिरॅमिकची कपॅसिटन्स व्होल्टेजबरोबर बदलते आणि ठोकला की तो मायक्रोफोनसारखा वाजतो.

फिल्टर मायक्रोकंट्रोलरच्या पिनजवळच ठेवा. पीडब्ल्यूएमच्या तीक्ष्ण कडा लांब वायरवर पळू दिल्या तर ती वायर अँटेना होते.

हवेतली गळती आणि डिजिटल वायरी

ब्रेडबोर्डच्या शेजारच्या दोन ओळींमध्येही काही पिकोफॅरड असतात. सिग्नलची ओळ आणि डिस्प्लेची क्लॉक शेजारी असेल तर गळती ठरलेली. मध्ये दोन ओळी सोडा किंवा मधली ओळ ग्राउंडला बांधा. सिग्नल आणि त्याची ग्राउंड वायर एकमेकींना पीळ देऊन न्या. डिजिटल वायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

डिस्प्ले, एसडी कार्ड आणि आय-टू-एसच्या वेगवान वायरींना, सिग्नल जिथून निघतो त्या टोकाला, ३३ ते १०० ओहम मालिकेत लावा. कडा किंचित बोथट होतात. आय-टू-एसच्या वायरी १० सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि त्यांच्यासोबत ग्राउंडची वायर न्या. पीसीएम५१०२ए या डॅक चिपची एससीके पिन ग्राउंडला जोडा, मोकळी राहिली तर कधी खरखर, कधी शुकशुकाट. मॅक्स९८३५७ए मध्ये गेनची पिन मोकळी असताना ९ डेसिबल असतात. सप्लायला जोडली की ६, आणि १०० किलोओहममधून सप्लायला जोडली की ३. फुसफुस ऐकू येत असेल तर आधी हे करून पाहा.

ईएसपी३२ चं वायफाय प्रसारणाच्या क्षणी २४० मिलीअँपिअर ओढतं. त्याच्या सप्लायवर ४७० मायक्रोफॅरड लावा, त्याची ग्राउंड वायर वेगळी न्या, आणि वायफायची झोप बंद करा. प्रवाह वाढतो, पण जागं-झोपणं थांबल्यामुळे टिकटिक विरते. कार्डावरून वाजवत असाल तर वायफाय पूर्ण बंदच ठेवा.

कोडमधली खरखर

८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या आणि पूर्ण मोठ्या आवाजात जास्तीत जास्त ५० डेसिबल स्वच्छता. व्हॉल्यूम कोडमध्ये दोन बिट खाली सरकवून चौथाई केला की त्यातले १२ डेसिबल गेले. म्हणून आवाजाची फाइल पूर्ण उंचीची तयार करा आणि कमी-जास्त पॉटनेच करा. आणखी स्वच्छता हवी असेल तर पिन ९ वरून ३.९ किलोओहम आणि पिन १० वरून १ मेगाओहम एकाच कपॅसिटरवर आणा. गुणोत्तर २५६ चं होतं, वरचे ८ बिट पहिल्या पिनवर, खालचे दुसऱ्यावर. रेझिस्टरांच्या चुकीमुळे पूर्ण १६ बिट मिळत नाहीत, पण हळू आवाजातली खरखर स्पष्ट कमी होते.

मध्येच येणारे अनियमित खटके म्हणजे बफर, म्हणजे आवाजाचा आगाऊ साठा, रिकामा झाला. ईएसपी३२ वर ६४ फ्रेमचे ८ डीएमए (प्रोसेसरला न अडकवता डेटा हलवणारे) बफर ४४.१ किलोहर्ट्झला फक्त ११.६ मिलीसेकंद पुरतात आणि कार्डाची एखादी संथ वाचनाची फेरी त्यापेक्षा लांबते. ५१२ चे ८ केले की ९३ मिलीसेकंद मिळतात, स्टिरिओ १६ बिटला १६ किलोबाइट मेमरी जाते. रिकाम्या बफरच्या जागी आपोआप शून्य भरण्याचा पर्यायही चालू करा, नाहीतर जुनाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो.

सुरू होतानाचा ठोका हा मधल्या किमतीवर एकदम उडी मारल्याचा असतो. ० पासून १२८ पर्यंत दर २ मिलीसेकंदांना एक पायरी चढा, पाव सेकंदात ठोका विरतो. आवाज संपल्यावर पीडब्ल्यूएम बंद न करता १२८ वर ठेवा, किंवा तसंच हळू उतरवा.

प्रत्येक बदलानंतर चारही चाचण्या पुन्हा करा आणि एका वेळी एकच बदल करा. पहिल्या चाचणीत, बॅटरीवर आणि इनपुट शॉर्ट असताना, जी बारीक फुसफुस उरते ती अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची आहे. तिसऱ्या चाचणीतला आवाज तिच्याइतकाच झाला की या चिपमधून आणखी काढण्यासारखं काही उरलेलं नाही.